आभारांच्या ओळीत तुझं नाव

युसुफ,

तुझ्यासाठी दुखवट्याचा ठराव लिहायचं काम माझ्याकडे आलं. वाचनालयाचे नवे चिटणीस स्वतः आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "बाई, युसुफभाईंना तुमच्याइतकं कोण ओळखतं? चार ओळी तुम्हीच लिहा. पुढच्या रविवारी सभेत वाचू." तुला नेऊन तेव्हा पाच दिवस झाले होते.

माझी सवय तुला ठाऊक आहे. चार ओळी लिहायच्या तरी मी आधी जुने कागद काढते. मी चिटणीस होते त्या वर्षांची इतिवृत्ताची वही चिटणिसांकडून मागवली आणि तुझं नाव कुठे येतं ते शोधत बसले. सबंध वहीत एकदाच येतं. कर्नलसाहेबांच्या व्याख्यानाच्या पानावर, सहाव्या ओळीत: 'शेवटी श्री. युसुफ यांनी उपस्थितांच्या वतीने साहेबांचे आभार मानले.' अक्षर माझं. सुरेख, एका रेषेत, कुठेही खाडाखोड नाही.

तू आभार मानले नव्हतेस.

दहा वर्षं ती ओळ त्या वहीत आहे. ती खोटी आहे हे दोघांनाच ठाऊक होतं. त्यातला एक आता गेला. ठराव बाजूला ठेवून मी हे लिहायला घेतलं ते त्यासाठी. लिहिते तुला, पण याची प्रत नैरोबीला जाईल, नलू आणि वसंताला. माझ्या नातवंडांना मी दर पंधरवड्याला पत्र पाठवते, प्रत्येक पत्रावर क्रमांक घालते, आणि प्रत्येक पत्रात खरं बोला, नीटनेटकं राहा असं लिहिते. त्यांना तू आठवतोस तो टोपलीसारख्या गोल होड्यांच्या गोष्टी सांगणारा युसुफमामा म्हणून. वसंता एकदा आमच्या विहिरीत वेताची टोपली सोडून त्यात बसायला निघाला होता, तो तुझ्या गोष्टीमुळे. त्या दोघांना आपल्या आजीबद्दल एक गोष्ट अजून माहीत नाही. ती त्यांनी माझ्याकडूनच ऐकावी.

तुझे वडील गलबतातून बसऱ्याला कौलं न्यायचे आणि खजूर आणायचे. तू त्यांच्याबरोबर चार हिवाळे तिकडे काढलेस, अरबी बोलायला शिकलास, आणि परत आल्यावर त्यांनी तुला माझ्या ओट्यावर आणून बसवलं. "बाई, अरबी याला समुद्रानं शिकवली. इंग्रजी तुम्ही शिकवा." मी मुलींच्या शाळेत शिकवायची, मुलगे घेत नव्हते. तुला घेतलं, कारण तू पहिल्याच दिवशी पायताणं जोडीनं ठेवलीस. अशा गोष्टींवर मी माणसं निवडत आले, युसुफ. हसू नकोस.

मी तुला इंग्रजीबरोबर आणखीही एक शिकवलं. राज्य लोकांच्या संमतीनं चालावं, हे इंग्रजांनी जगाला दिलेलं सगळ्यात मोठं देणं आहे, असं मी मानत होते. माझ्या लहानपणी मुंबईत ज्या मडमेनं मला शिकवलं तिच्या तोंडून मी ते ऐकलं, आणि तुला शिकवताना तिच्याच आवाजात सांगितलं. तू ते खरं मानलंस. लढाई संपल्यावर इंग्रज सरकारला बगदादला अरबी आणि इंग्रजी दोन्ही जाणणारे मुनशी हवे होते. तू गेलास. जाताना माझ्या पाया पडलास. तुमच्यात पाया पडत नाहीत, म्हणून मी दचकले. तू म्हणालास, "बाई, तिथे लोकांना विचारून राज्य करणार आहेत. मी ते बघायला चाललोय."

तीन वर्षांनी तू परत आलास. मी विचारलं, "कसं आहे रे तिकडे?" तू म्हणालास, "उन्हाळा फार." मोरा बंदराच्या धक्क्यावर, कस्टमच्या शेडला लागून, तू पत्रं लिहून द्यायला बसू लागलास. खलाशी, मिठागरावरची माणसं, नवरे बाहेरगावी असलेल्या बायका, सगळे तुझ्याकडे यायचे. मिठागरावरचा एक आगरी मला सांगत होता, "युसुफभाई लिवतो तवा आपनच बोलतोय असं वाटतं, बाई. शिवी घातली तर शिवीपन लिवतो." मी तुला त्यावरून रागावले होते. सभ्य भाषेत बदलून द्यायला काय होतं तुला? तू म्हणालास, "माणूस जे बोलला ते लिहायचं. दुसरं काही लिहायचं नाही, असं मी ठरवलंय." असं ठरवावं का लागलं, ते मी विचारलं नाही.

मग कर्नलसाहेब आले.

निवृत्त होऊन विलायतेला परत जाण्याआधी ते जिल्ह्याजिल्ह्यांतून व्याख्यानं देत फिरत होते. विषय होता अरबांच्या देशात लोकराज्याची सुरुवात. जादूचा कंदील आणि काचेवरची चित्रं त्यांच्याबरोबर होती. वाचनालयाची चिटणीस मी, आणि त्यांचं बोलणं मराठीत सांगणारीही मीच. गावात दुसरं कोण होतं? मी कार्यक्रमपत्रिका हातानं लिहून दाराला लावली. स्वागत, प्रास्ताविक, व्याख्यान, चित्रदर्शन, अध्यक्षांचे दोन शब्द, आभार. सहा ओळी, प्रत्येकीपुढे वेळ आणि नाव. आभारांपुढचं नाव तेवढं कोरं राहिलं. ज्यांना सांगितलं होतं ते सकाळच्या लाँचनं मुंबईला गेले, आणि दुसरं नाव ठरवायचं माझ्याकडून राहून गेलं.

सभा भरली होती. जमातीचे हाजीसाहेब पहिल्या रांगेत होते, तू मागच्या भिंतीला टेकून उभा होतास. कर्नलसाहेबांनी नदी दाखवली, खजुरीच्या बागा दाखवल्या, तुझ्या त्या गोल होड्या दाखवल्या, आणि शेवटी मंडपाखाली बसलेला नवा राजा. ते म्हणाले की या राजाला आम्ही बसवलं नाही, गावोगाव जाऊन लोकांना विचारलं आणि लोकांनी जवळजवळ एकमुखानं होकार दिला. मी ते मराठीत सांगितलं, आणि खरं सांगते, त्यांच्यापेक्षा जास्त रंगवून सांगितलं. "तिथे प्रत्येकाला विचारलं गेलं!" असं मी दोनदा म्हणाले. अरबांना विचारलं तर उद्या आपल्यालाही विचारतील. बायकांनाही विचारतील. त्या खोलीत मला दुसरं काही दिसत नव्हतं.

कंदील विझला, खिडक्या उघडल्या, आणि मागून तू बोललास. मराठीतच बोललास, सगळ्यांना कळावं म्हणून.

"बाई, साहेबांना सांगा, मी तिथे होतो. कागद मी वाचून दाखवायचो आणि लोकांचं उत्तर मी लिहून घ्यायचो. एका गावात एक म्हातारा उठला. तो म्हणाला, राजा तुम्ही आणलाय, फौज तुमची उभी आहे, मग मला विचारता कशाला? आधी फौज न्या, मग विचारा, मग मी सांगेन. ते मी माझ्या साहेबाला सांगितलं. साहेब म्हणाला, लिही, संमती. मी संमती लिहिलं. साहेबांना विचारा, त्या म्हाताऱ्याचं उत्तर कुठे आहे?"

हाजीसाहेब मान वळवून तुझ्याकडे बघत होते. कर्नलसाहेब माझ्याकडे बघत होते, चेहऱ्यावर हसू, काय म्हणतोय हा, अशी भुवई उचललेली.

माझ्या समोर ती पत्रिका होती, युसुफ. सहावी ओळ, आभार, पुढे कोरं.

मी इंग्रजीत म्हणाले, हे गृहस्थ बगदादला सरकारी नोकरीत होते, आपल्या व्याख्यानानं त्यांच्या आठवणी जाग्या झाल्या, आणि ते सगळ्यांच्या वतीनं आपले आभार मानतात.

मला वाटलं होतं, एवढ्यावर ती वेळ निभावून जाईल. पण साहेबांना इतका आनंद झाला की ते खाली उतरले, माणसांतून वाट काढत तुझ्यापर्यंत गेले, तुझा हात दोन्ही हातांत धरून हलवला आणि दोन शब्द अरबीत बोलले. तू माझ्याकडे बघितलंस. साहेबांच्या खांद्यावरून, सबंध खोलीपलीकडून. तुला इंग्रजी येत होतं. मीच शिकवलं होतं. एक वाक्य उच्चारलं असतंस तर मी तिथल्या तिथे खोटी ठरले असते. तू हात सोडवून घेतलास आणि दाराबाहेर गेलास.

गावाला जे दिसलं ते असं: हा मराठीत साहेबाला जाब विचारतो, बाई ते इंग्रजीत सांगतात, आणि साहेब खूश होऊन याचा हात हातात घेतो. याचा अर्थ गावानं काय लावायचा? इंग्रजी कळणारे आपण दोघंच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इतिवृत्त लिहिलं. त्या सभेत जे झालं ते घाईत, गडबडीत झालं, असं मी स्वतःला अनेकदा सांगितलंय. पण सकाळी घाई नव्हती. पुढ्यात दौत होती, शाई ताजी होती, खिडकीतून मिठागरावरचा वारा येत होता. मी पाच ओळी लिहिल्या. सहावीपाशी टाक थांबला. ती कोरी ठेवता आली असती. 'आभारप्रदर्शन झाले नाही' असंही लिहिता आलं असतं. पण माझ्या वहीत असं कधी झालं नव्हतं.

महिन्याभरानं मुंबईच्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात कर्नलसाहेबांचा प्रवासवृत्तान्त आला. किनाऱ्यावरच्या एका लहान गावात बगदादला राहून आलेल्या एका मुसलमानानं उठून सरकारला धन्यवाद दिले, असं त्यात होतं. एका उर्दू पत्रानं ते उचललं आणि त्या मुसलमानाला नावं ठेवली. ते दिवस कसे होते ते मुलांना सांगायला हवं. तुर्कस्तानची खिलाफत इंग्रजांनी बुडवली म्हणून घराघरांत राग होता. त्या दिवसांत साहेबाचा माणूस हा शब्द कुणाला चिकटला की सुटत नसे.

हाजीसाहेब ते उर्दू पत्र घेऊन माझ्याकडे आले. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला कळलं असणारच, पण माझ्या तोंडून नाही. ते ओट्याच्या पायरीपाशी उभे राहिले, बसले नाहीत.

"बाई, पोरगा मराठीत बोलला ते आम्ही ऐकलं. तुम्ही साहेबाला काय सांगितलं, तेवढं सांगा. तुम्ही सांगाल ते मी मानीन."

ते विचारत होते, युसुफ. खरोखर विचारत होते. मी काहीही सांगितलं असतं तरी ऐकायला आले होते. आणि मी उठून आत गेले, वही आणली, ते पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी मराठी अक्षरं बोट ठेवून हळूहळू वाचली. "आभार मानले," ते म्हणाले. "म्हणजे नंतर मानले? आम्हाला ऐकू आले नाहीत."

मी म्हणाले, "वहीत आहे तसं."

ते 'बरं' म्हणाले आणि गेले.

धक्क्यावरची तुझी गर्दी आठ दिवसांत ओसरली. कुणी भांडलं नाही, कुणी काही फेकलं नाही. तुझ्यासमोर येऊन कुणी बसेना, एवढंच. जो एक बोलतो आणि साहेबाला दुसरं सांगतो, त्याच्या हातात आपल्या बायकोचं पत्र कोण देईल? पावसाळा संपला तेव्हा तू मिठागरावर मुकादमाच्या हाताखाली लागलास. फावड्यानं मीठ ओढणाऱ्यांची हजेरी घ्यायचास. धक्क्यावर तू ज्या पेटीवर बसून लिहायचास तिच्यावर कस्टमचा शिपाई बसू लागला.

तू एकदाच त्याविषयी बोललास. माझं एक पुस्तक परत द्यायला आला होतास, जुन्या वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. पायताणं जोडीनं ठेवलीस. मी तुझी माफी मागायचं ठरवून बसले होते, कितीतरी दिवस. तू पुस्तक दिलंस आणि म्हणालास,

"बाई, मीही तेच केलं होतं. त्या म्हाताऱ्याला इंग्रजी येत नव्हतं. मला निदान कळलं तरी."

मी म्हणाले, "चहा घेणार?"

तू घेतलास. आपण आंब्याच्या मोहोराबद्दल बोललो.

त्यानंतरही तू येत राहिलास, हेच मला सोसवत नाही. ईदला शिरखुर्मा आणायचास, आणि आम्ही तुमच्या भांड्यातलं खात नाही म्हणून तुझ्या मोठ्या बहिणीकडून, जैनबआपाकडून, नवं कोरं भांडं मागून आणायचास. पुढे पुढे मी म्हणाले, जुनंच आण रे. तेव्हा तू केवढा हसलास. वर्तमानपत्र आलं की आपण भांडायचो. इराकचं राज्य स्वतंत्र झालं, राष्ट्रांच्या सभेत त्यांना जागा मिळाली, ही बातमी मी तुला मुद्दाम वाचून दाखवली. जिंकल्यासारखी.

"बघ. सुरुवात वाकडी असेल, पण आज ते स्वतंत्र आहेत की नाही?"

"विमानांचे तळ कुणाकडे आहेत, बाई?"

"ते काही काळापुरतं."

"तेल?"

"तू प्रत्येक गोष्टीत खोट काढतोस."

"घर दिलं म्हणायचं आणि चावी कमरेला ठेवायची. आमची आपा भाडेकरूला असंच घर देते." मग तूच म्हणालास, "आमच्या जमातीत तरी कोण कुणाला विचारतं म्हणा. हाजीसाहेब बोलले की झालं. नुसत्या साहेबालाच कशाला नावं ठेवा."

"मग शिकवूच नये का कुणी कुणाला?" मी चिडून विचारलं. "लोकांनी राज्य करायचं हे कुणाला पोटातून येत नाही. कुणीतरी शिकवावंच लागतं."

"शिकवा ना. पण मास्तरानं उत्तर आधीच फळ्यावर लिहून ठेवायचं आणि मग विचारायचं, याला शिकवणं म्हणत नाहीत. ज्याला विचारायचंय त्यानं 'नाही' ऐकायची तयारी ठेवावी. तेवढी एकच गोष्ट लागते, बाई. बाकीचं लोकांना येतं."

मी म्हणाले होते, पुढच्या वेळी याचं उत्तर देते. माझ्याकडे उत्तर होतं, युसुफ, आणि अजूनही आहे. विचारण्याचा नुसता देखावा केला तरी माणसाच्या कानावर प्रश्न पडतो, आणि एकदा ऐकलेला प्रश्न पुन्हा बंद होत नाही, असं मी म्हणणार होते. तू त्यावर काहीतरी बोलला असतास आणि मला पुन्हा राग आला असता. मग तुझा खोकला सुरू झाला. मिठागरावरची हवा, तू म्हणायचास. तू येईनासा झालास, आणि मी आज जाईन, उद्या जाईन करत राहिले.

ती ओळ सापडली त्याच संध्याकाळी मी तुमच्या घरी गेले. जैनबआपा अंगणात सुपारी कातरत बसली होती. तिच्या मांडीवर कुणाचं तरी मूल होतं. मी तिला सगळं सांगितलं, वरचं सगळं, क्रमानं. तिचा अडकित्ता थांबला नाही.

"युसुफनं तुम्हाला कधी सांगितलं नाही?" मी विचारलं.

"न्हाय. मी इचारलं व्हतं. म्हनला, आपा, बाईंना इचार." तिनं सुपारीचं खांड ताटलीत टाकलं. "मी कशाला इचारू? तुमी शिकलेल्या. तुमचं समदं कागदावर नीट आसतंय. मानूसच तेवढा वाकडा व्हतो."

"माझं चुकलं, आपा."

"मला कशाला सांगताय? मी का व्हते त्या सभंत? जितं बोललात तितं सांगा."

म्हणून मी चिटणिसांना म्हणाले की दुखवट्याच्या ठरावाआधी आणखी एक ठराव घ्यायचा आहे, जुन्या इतिवृत्तात दुरुस्ती. ते गडबडले. "बाई, जुनं पान आपण असं बदलू शकत नाही. सभेपुढे ठेवावं लागेल, मत घ्यावं लागेल." मी म्हणाले, ठेवा. मसुदा मीच लिहून दिला. हाजीसाहेबांना निरोप पाठवला. ते आता काठी घेऊन चालतात, डोळ्यांनी अधू आहेत, पण आले, आणि पूर्वीच्याच खुर्चीवर बसले. आपा दाराशी, चपलांपाशी बसली. आत ये म्हटलं तर म्हणाली, "हितनं ऐकू येतंय."

चिटणिसांनी मसुदा वाचला. अमुक पानावर कैलासवासी युसुफ यांनी आभार मानल्याचं जे नमूद झालं आहे, ते भाषांतराच्या नजरचुकीनं झालं असून त्यांनी प्रत्यक्षात आभार मानले नव्हते, तरी ही ओळ रद्द समजावी.

कैलासवासी हा शब्द चिटणिसांनी घातलेला. नजरचूक माझी.

अध्यक्ष म्हणाले, "बाईंनी आणलंय म्हणजे योग्यच असणार. हात वर करा." सगळे हात वर झाले. त्यात माझ्या शाळेतल्या मुलींचे मुलगे होते, मिठागराचे दोन मुकादम होते. माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून त्यांनी हात वर केले. अध्यक्षांचं बोलूनही झालं, "एकमतानं मंजूर—"

"थांबा," आपा दारातून म्हणाली.

चिटणीस म्हणाले, "आपा, तुम्ही सभासद नाही. मत देता येत नाही तुम्हाला."

हाजीसाहेबांनी काठी जमिनीवर टेकवली आणि तिच्या आधारानं उठले. "मी आहे ना सभासद? लिहा, विरोधात एक हात. माझा. आता तिला बोलू द्या."

आपा उठली नाही. बसूनच बोलली. "नजर चुकली म्हनता? बाईंची नजर कवा चुकली? यांच्या फडताळात लवंगा कुठल्या डबीत हायत ते डोळं मिटून सांगतील. माझा भाऊ काय बोलला ते बाईंना कळलं व्हतं. कळलं, आनि दुसरं सांगितलं. तसं लिवायचं आसंल तर लिवा. न्हायतर ऱ्हाऊ द्या तुमचं जुनं."

सगळे माझ्याकडे बघू लागले. चिटणीस हळूच म्हणाले, "बाई, त्या दुःखात आहेत. आपण पुढे जाऊ या." मला सोडवायला म्हणाले बिचारे. अगदी तसंच मी कर्नलसाहेबांना सोडवलं होतं.

खोटं कबूल करायला म्हणून मी तो मसुदा लिहायला बसले होते, युसुफ, आणि तिथेही हात नीटनेटक्या शब्दाकडे वळला. मला ते लिहिताना जाणवलंसुद्धा नाही. दहा वर्षांपूर्वीच्या त्या ओळीपेक्षा याची मला जास्त लाज वाटली.

मी म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे. 'नजरचुकीनं' खोडा. 'जाणूनबुजून' लिहा." मग म्हणाले, "नाही, वही इकडे द्या. मीच लिहिते."

भर सभेत, टेबलाशी उभी राहून मी लिहिलं. माझं अक्षर आता थरथरतं आणि ओळ खाली उतरत जाते. तू इंग्रजांच्या राज्याविषयी काय बोललास ते मी शब्द न शब्द लिहिलं, कागद मी वाचून दाखवायचो इथपासून. साहेबाला मी काय सांगितलं तेही लिहिलं. हाजीसाहेबांनी विचारल्यावर वही पुढे केली, तेही. मग मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि अध्यक्षांना म्हणाले, आता विचारा, पण ज्यांना नको असेल त्यांना आधी विचारा. तीन हात विरोधात वर झाले. वाचनालयाची बेअब्रू होते, असं त्यांचं म्हणणं. त्यांची नावं मी लिहून घेतली. ठरावाच्या बाजूचे हात त्याहून बरेच जास्त होते. हाजीसाहेबांचा हात या वेळी बाजूनं होता, आणि अध्यक्षांनी खाली घ्या म्हणेपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही.

दुखवट्याचा ठराव मी लिहिलाच नव्हता. चिटणीस म्हणाले, हरकत नाही, उभे राहू या. सगळे उभे राहिले. आपा तेवढी बसून होती. नंतर चपला घालता घालता मला म्हणाली, "ईदला भांडं रिकामं धाडू नका या खेपंला. तुमी कायतरी घालून धाडा."

हाजीसाहेब दारात माझ्याजवळ थांबले. त्यांनी विचारलं, "बाई, त्या दिवशी तुम्ही मला हे का नाही सांगितलं?" मी म्हणाले, "लाज वाटली." त्यांनी मान हलवली. "मला पण आज वाटते आहे. वही बघितली आणि पोराला विचारलंच नाही."

नलू, वसंता, तुम्ही हे वाचाल तेव्हा आजीच्या पत्रावर क्रमांक का नाही, असं विचाराल. हे पत्र तुम्हाला नाही. युसुफमामाला आहे. तुम्ही फक्त साक्षीदार.

आणि युसुफ, एक राहिलं. ती वही बंद करताना माझ्या लक्षात आलं. बगदादच्या सरकारी कागदांत त्या म्हाताऱ्याची संमती लिहिलेली आहे, तुझ्या हातची. त्याची 'नाही' आता इथे, आपल्या गावच्या वाचनालयाच्या वहीत आहे, माझ्या हातची. आणखी कुठे असेल असं वाटत नाही. लिहिताना त्याच्या नावासाठी मी जागा सोडली होती, मग आठवलं. इतकी वर्षं तू माझ्या ओट्यावर येऊन बसायचास, आणि त्याचं नाव मी तुला एकदाही विचारलं नाही. ती जागा मी कोरीच ठेवली आहे.